गायरानाची थकबाकी

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी मार्चमध्ये ग्रामसभा झाली. विषय होता गावाच्या वरच्या अंगाचं गायरान सौरऊर्जेच्या प्रकल्पाला भाड्याने द्यायचं की नाही. मी ठाण्याचा मतदार, मला तिथे हात वर करायचा अधिकार नाही. पण नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, हट्टाने नेलं म्हणून शाळेच्या पडवीत सतरंजीच्या टोकाला बसलो. एक तरुण उठला. म्हणाला, "तिथे आहे काय? कातळ आणि कुसळं. गुरं सकाळी जातात तशीच पोट खपाटीला लावून संध्याकाळी परत येतात. पडीक जमिनीचे चार पैसे येत असतील तर नाही कशाला म्हणायचं?" टाळ्या पडल्या. मग एक वयस्कर गृहस्थ उठले. "गाईचे पाय लागतात ती जमीन पडीक कशी होईल? पिढ्यानपिढ्या तिच्यावर शेण पडतंय, गोमूत्र पडतंय. देवाने दिलेला खताचा कारखानाच आहे तो." पुन्हा टाळ्या, आणि बऱ्याचशा त्याच हातांच्या.

सभा पुढच्या महिन्यावर ढकलली गेली. आठवडाभराने तलावपाळीवरच्या आमच्या संध्याकाळच्या बैठकीत मी हा किस्सा सांगितला, तर तिथेही हेच दोन तट पडले. एक म्हणे विकास, दुसरा म्हणे गोमाता. कोणालाच साधा प्रश्न पडला नाही. पिढ्यानपिढ्या शेण पडत असेल तर त्या जमिनीत आज कुसळं का उगवतात? आणि ती मुळात कातळच असेल, तर आमच्या आजोबांच्या तोंडी "गायरानातलं मारवेल मांडीला लागायचं" हे चाऱ्याच्या गवताबद्दलचं वाक्य कुठून आलं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुरं जमिनीची सुपीकता तयार करत नाहीत, ती इकडची तिकडे नेतात. गायरानातून ही ने-आण शे-दीडशे वर्षं एकाच दिशेने झाली आहे, आणि नेलेल्या मालात परत यायला सर्वांत नाखूश असलेली चीज म्हणजे फॉस्फरस, ज्याला खताच्या दुकानात स्फुरद म्हणतात. गायरान हे काढून-काढून रिकामं केलेलं खातं आहे. काढणाऱ्यांत गावचे भातवाले होते, आणि त्यांच्याहून मोठा हात आपला, ठाण्या-मुंबईच्या लोकांचा होता. ज्याने खातं रिकामं केलं त्यानेच ते 'पडीक' म्हणून दाखला द्यावा, हे मला पटत नाही.

मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रयोगशाळेत नोकरी केली, शेतकरी नाही. पण मूलद्रव्यांचा जमाखर्च मांडायची सवय जात नाही. नत्राचं म्हणजे नायट्रोजनचं एक बरं असतं. हवेत 78 टक्के तोच आहे. शेंगवर्गी झाडांच्या मुळांवरच्या गाठी, पावसाळी विजा, जमिनीतले जिवाणू, कोणी ना कोणी तो खाली आणतच असतं. स्फुरदाला हा आकाशमार्ग नाही. त्याचं वायुरूप निसर्गात जवळपास नसतंच. तो खडकात असतो, झिजेबरोबर मातीत येतो, मातीतून गवतात, गवतातून गुरात, आणि तिथून शेणात, दुधात किंवा हाडात. टेकडीवरून गेलेला स्फुरद टेकडीवर परत यायचा तर कोणीतरी उचलूनच आणावा लागतो.

आता गुरं काय करतात ते पाहा. खाल्लेल्या स्फुरदातले दहातले सात-आठ भाग जनावर शेणातून टाकून देतं. लघवीतून तो जवळजवळ जातच नाही. गोमातावाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो खरा आहे. चरणारं जनावर हे पीक कापून नेणाऱ्या विळ्यासारखं नाही, ते घेतलेल्यातलं बरंचसं तिथल्या तिथे परत टाकतं. दूध हाही मोठा चोर नव्हे. लिटरभर दुधात स्फुरद असतो साधारण 1 ग्रॅम. हजार लिटर दूध देणाऱ्या म्हशीने वर्षाला किलोभर नेला, एवढंच. मग बिघडलं कुठे?

बिघडलं 'तिथल्या तिथे' या शब्दांत. जनावर चरतं उतारावर आणि शेण टाकतं ते थांबतं तिथे. आमच्याकडे त्या जागेला गोठण म्हणतात. आमच्या गावची गोठण म्हणजे ओढ्याच्या काठचं एक जुनं आंब्याचं झाड, खाली अर्धा गुंठा सावली, शेजारी गुरांच्या पाण्याची सिमेंटची टाकी. अकराच्या सुमारास उन्हं चढली की गुराखी सगळी गुरं तिथे आणतो, ती चारपर्यंत रवंथ करत बसतात. खालची माती काळी, लोण्यासारखी, चप्पल ओढून घेणारी. नखाने उकरलं तर शेणकिड्यांची भोकं दिसतात, बोटाला मऊ भुसा लागतो. तिथून शंभर पावलं चढून गेलं की पायाखाली मुरूम करकरतो आणि पायजम्याला कुसळं चिकटतात. मी दोन्हीकडची माती पिशव्यांत भरून तपासायला दिली. अहवालात स्फुरदाच्या रकान्यात उताराच्या मातीपुढे 'कमी' आणि गोठणीच्या मातीपुढे 'अत्यंत जास्त' असं आलं. एकच गाव, एकच पाऊस, तीच गुरं. न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांवर मेंढ्यांच्या बसायच्या जागांचा असाच अभ्यास झाला आहे आणि निष्कर्षही हाच आहे: कळप उतार रिकामे करतो आणि सपाटी भरतो.

दुपारचं झालं, आता रात्रीचं. संध्याकाळी गुरं गोठ्यात येतात. रात्रभराचं शेण सकाळी उकिरड्यावर जातं, तिथून वैशाखात भाताच्या खाचरात, नाहीतर शेणी थापून चुलीत. चुलीत नत्र जळून जातं, स्फुरद राखेत राहतो. पण ती राख भांडी घासून मोरीत गेली की तोही गेलाच. मी ढोबळ हिशेब मांडला. गाय दिवसाला सहा किलो वाळलं गवत खाते, वाळल्या डोंगरी गवतात किलोमागे साधारण 1 ग्रॅम स्फुरद धरू, आणि अर्धं शेण रात्री गोठ्यात पडतं असं मानू. म्हणजे एक गाय वर्षाला पाऊण ते एक किलो स्फुरद गायरानातून उचलून गोठ्यात आणते. गावात शंभर गुरं असतील तर डीएपी या रासायनिक खताच्या आठ-दहा गोण्यांमध्ये जेवढा शुद्ध स्फुरद असतो तेवढा माल दरवर्षी टेकडीवरून खाली. आकडा फसवा लहान आहे. त्याला शंभर वर्षांनी गुणा. आणि हेही लक्षात घ्या की गायरान सगळ्यांचं आणि खाचर ज्याचं त्याचं. ज्याच्या दावणीला दहा बैल होते त्याने दहापट नेलं. ज्याच्याकडे दोन शेळ्या होत्या त्याने जवळपास काहीच नाही. गोठ्याच्या वाटेने सार्वजनिक मालमत्ता खासगी होत राहिली, आणि तिला कोणी अतिक्रमण म्हटलं नाही.

हे काही आमच्या गावाचं वैशिष्ट्य नव्हे. उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या वालुकामय पट्ट्यात शेतकरी शतकानुशतकं माळावरची हिरवळ मुळासकट सोलून आणत, गोठ्यात अंथरत आणि शेणाने भिजली की राय नावाच्या धान्याच्या शेतात टाकत. शेतांची माती फूट-दोन फूट उंचावली, आणि आजूबाजूचे माळ इतके उघडे पडले की वाळू उडून गावांवर येऊ लागली. आपल्याकडे याचं भावंड म्हणजे राब. ठाणे-कुलाब्यातल्या (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) भातशेतीला वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीची जोड असायची ती यासाठीच. वरकसावरचा पाला, फांद्या, गवत, वर शेण, त्यावर मातीचा थर, आणि मग जाळून केलेली दाढ, म्हणजे भाताची रोपं वाढवायची जागा. इंग्रज वनखात्याला त्यात निव्वळ जंगलाची नासधूस दिसली. रयतेने ओरड केली की राब नाही तर भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठी आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. त्या वादाचीही गत आमच्या ग्रामसभेसारखीच झाली होती. एक बाजू म्हणे रानटी पद्धत, दुसरी म्हणे वाडवडिलांची रीत. एकरभर भाताला किती एकर डोंगराने खायला घातलं, हा मधला हिशेब दोन्ही बाजूंना अडचणीचा होता. रयत बरोबर होती की राबाशिवाय भात येत नाही. वनखातंही अर्धं बरोबर होतं की डोंगर झिजतोय. मात्र त्यांना डोंगर हवा होता तो सागाच्या ओंडक्यांसाठी, आणि ओंडक्याबरोबर जाणाऱ्या स्फुरदाची पावती वनखात्यानेही कधी फाडली नाही.

गावाच्या आत फिरणारा माल निदान गावात तरी राहत होता. खरी गळती लागली ती शहराने गवत मागायला सुरुवात केल्यावर. मुंबईच्या ट्राम आणि व्हिक्टोरियांचे घोडे, नंतर गोरेगाव-जोगेश्वरीपासून कल्याण-भिवंडीपर्यंतचे म्हशींचे तबेले, यांना सुकं गवत पुरवणारा पट्टा म्हणजे जुना अखंड ठाणे जिल्हा. डहाणू, पालघर, वाडा, शहापूर, मुरबाड. गवताच्या वखारी, दाबून बांधलेल्या गाठी, रेल्वेच्या वाघिणी भरून माल. 1945 साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली संप केला तो याच गवताच्या कापणीवरून. मागणी होती 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्या संपावर गोळीबार झाला, माणसं मेली. 500 पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो गवत, म्हणजे दोनेकशे ग्रॅम स्फुरद. कापणाऱ्याच्या मजुरीचा भाव रक्त सांडल्यावर का होईना, ठरला. जमिनीच्या मजुरीचा भाव कोणी काढलाच नाही. ते गवत म्हशींनी खाल्लं, आणि म्हशींचं शेण तबेल्यातून पाण्याच्या नळीने धुऊन नाल्यात गेलं, नाल्यातून खाडीत. माझ्या लहानपणी ठाण्यात तबेल्यामागच्या नाल्याला हिरवट काळा रंग असायचा. आम्ही नाक दाबून पळत जायचो. वाड्याचं आणि शहापूरचं कुरण त्या नाल्यातून वाहत होतं, हे आता कळतं.

यावर विकासवाले म्हणतील, ठीक आहे, मग खत टाका आणि मोकळे व्हा. सुपर फॉस्फेट आहे, डीएपी आहे, मुंबईत चेंबूरजवळ ट्रॉम्बेला सुफला खताचा कारखाना आहे. रोग स्फुरदाचा तर औषधही स्फुरदाचं. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण औषध लागू पडतं. 1842 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेल्या फॉस्फेटचं पेटंट घेतलं तेव्हापासून हे सिद्ध झालं आहे. न्यूझीलंडने 1949 पासून विमानांतून टेकड्यांवर सुपर फॉस्फेट शिंपडलं, आणि जिथे मेंढी जगत नव्हती तिथे क्लोव्हर या शेंगवर्गी चाऱ्याचे गालिचे पसरले. शेंगवर्गी चाऱ्याला स्फुरद मिळाला की ते नत्र स्वतःच कमावतं. त्यामुळे कुरणावर टाकलेली स्फुरदाची एक गोणी दोन गोण्यांचं काम करते. आमच्या गायरानावर स्टायलो हा तसाच शेंगवर्गी चारा पेरून थोडा सुपर फॉस्फेट दिला तर दोन-तीन पावसाळ्यांत फरक दिसेल, याबद्दल मला शंका नाही. शेण म्हणजे अमृत आणि गोणी म्हणजे विष, ही भाषा मला चालत नाही. झाडाचं मूळ दोन्हींतून एकच फॉस्फेट उचलतं.

पण न्यूझीलंडच्या गालिच्याचा धागा कुठून आला? पॅसिफिकमधल्या नाउरू आणि बनाबा बेटांवरून. नाउरू 21 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या संजय गांधी उद्यानाच्या एक पंचमांश. शतकभर त्याचा फॉस्फेट खरवडून जहाजांत भरला गेला आणि बेटाचा बहुतेक मधला भाग दगडी सुळक्यांचं ओसाड रान होऊन बसला. बनाबाच्या लोकांना तर बेटावरून उचलून दोन हजारांवर किलोमीटर दूर फिजीतल्या राबी बेटावर नेऊन टाकलं, तेही 1945 साली. इकडे वारली गवताचा भाव मागत होते त्याच वर्षी. एका कुरणाची थकबाकी दुसऱ्या बेटाच्या नावावर चढली. आणि भारताचं काय? आपण फॉस्फेटचा दगड आणि त्याचं आम्ल बव्हंशी बाहेरूनच आणतो, मोरोक्को-जॉर्डनसारख्या देशांतून. उदयपूरजवळ झामरकोट्ड्याची खाण आहे, पण तिने देशाचं भागत नाही. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात आहेत. चीनने 2021 मध्ये निर्यातीला आवर घातला तेव्हा आपल्याकडे डीएपीसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या रांगेत गायरानासाठी गोणी घ्यायला कोण उभं राहणार? खासगी खाचराचा मालक असतो. गायरानाला दरवर्षी गोणी देईल असं कोणी नाही, आणि लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटला असं धरून ठेवतात की एकदा टाकून भागतही नाही.

नैसर्गिक शेतीवाल्यांचं उत्तर याहून चतुर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, मातीत एकूण स्फुरद हेक्टरी शेकडो किलो असतो, फक्त तो कुलुपात असतो. शेणातले जिवाणू, मुळांवरच्या बुरश्या ते कुलूप उघडतात, म्हणून बाहेरून काही आणायलाच नको. कुलुपाचा भाग खरा आहे. प्रयोगशाळा जो 'उपलब्ध' स्फुरद मोजते तो एकूण साठ्याचा लहानसा तुकडा असतो आणि जिवाणू त्यात भर घालतात हे मान्य. पण कुलूप उघडणं म्हणजे तिजोरी भरणं नव्हे. तिजोरीतून रोज नेणारे हात तेच राहिले आणि चावी मात्र जास्त चांगली मिळाली, तर तिजोरी रिकामी व्हायला वेळ कमी लागेल की जास्त? शिवाय या मंडळींचं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं द्रावण, ज्या शेणाचं बनतं, ते शेण ज्या गाईचं, ती गाय चरते कुठे? एका गाईवर तीस एकर शेती, असं ते अभिमानाने सांगतात. त्या गाईच्या पाठीमागे किती एकर गायरान उभं आहे, ते मात्र त्या हिशेबात येत नाही.

रिकाम्या तिजोरीची झळ आधी जनावराला लागते. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला गुरं लुळी पडून मरायची. आर्नॉल्ड थायलर या पशुवैद्याने साखळी उलगडली: कुरणातल्या मातीत स्फुरद नाही, म्हणून गवतात नाही, म्हणून गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळतात, आणि सडक्या सांगाड्यातलं बोट्युलिझमचं विष त्यांना मारतं. हाडांचा भुगा खाऊ घातल्यावर चघळणं थांबलं आणि मरणंही. आमच्या गावात विष चढून गुरं मेल्याचं मला ठाऊक नाही. पण नानांची कपिला गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या हाडकीवर जाऊन मांडीचं हाड तोंडात धरून तासभर उभी राहायची. लाळ गळतेय, डोळे अर्धे मिटलेले, नळीचा कट्कट् आवाज येतोय. नाना म्हणाले, "भूक लागलीय तिला." काकू म्हणाली, "दृष्ट लागलीय." शेजारच्या गावात म्हैस व्याल्यावर पंधरा दिवसांनी लाल लघवी करू लागली, डॉक्टरांनी फॉस्फेटची सुई टोचली आणि ती वाचली. व्यालेल्या म्हशीच्या अंगातला स्फुरद दुधावाटे झपाट्याने जातो आणि रक्तपेशी फुटू लागतात. त्या सुईचं बिल म्हशीच्या मालकाने भरलं. रोग गायरानाचा होता.

आता आपल्याकडे वळू, म्हणजे शहराकडे. माणूस रोज जेवढा स्फुरद खातो जवळपास तेवढाच टाकतो. 1 ग्रॅम धरला तरी कमीच होईल. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर होती आणि नवी मुंबईची 11 लाखांवर. म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येनेसुद्धा ही दोन शहरं मिळून रोज सुमारे 3 टन स्फुरद गटारात सोडतात. डीएपीच्या भाषेत सांगायचं तर रोजच्या 300 गोण्या. आमच्या गायरानातून शंभर गुरांनी तीस-चाळीस वर्षांत जेवढा खाली आणला, तेवढा ठाणे आणि नवी मुंबई एका दिवसात संडासात ओततात. त्यातला काही भाग प्रक्रिया केंद्रांच्या गाळात अडकतो, उरलेला खाडीत. खाडीत तो वाया जातो असंही म्हणता येत नाही. शैवाल माजतं, त्यावर लहान फ्लेमिंगो पोसतात, आपण ऐरोलीच्या बोटीत बसून फोटो काढतो. 2022 मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. शहापूरच्या गवताचं रूपांतर होत-होत गुलाबी पंख झाले, असं कोणाला काव्यात्म वाटेल. मला त्यात उतारावरचा मुरूम दिसतो.

मग गाळ उचलून टेकडीवर टाकायचा का? इथे मला माझ्याच बाजूच्या उत्साही लोकांना थांबवायचं आहे. मी ज्या पट्ट्यात नोकरी केली तिथे कारखान्यांचं आणि घरांचं पाणी कुठे मिसळतं आणि कुठे मिसळू नये, हे जवळून पाहिलं आहे. क्रोमियम-कॅडमियम असलेला गाळ कुरणावर पसरणं म्हणजे उधार फेडताना खोट्या नोटा देणं. जर्मनीने 2017 साली नियम केला की मोठ्या प्रक्रिया केंद्रांनी 2029 पासून गाळातला स्फुरद वेगळा काढायचा. सरसकट गाळ शेतात ओतायचा नाही. सांडपाण्यातून अमोनियम-मॅग्नेशियम फॉस्फेटचे खडे काढायचं तंत्र काही देशांत कारखान्याच्या पातळीवर चालू आहे. नवी मुंबईत नेरूळ, वाशीला चांगली प्रक्रिया केंद्रं उभी आहेत, पाणी शुद्ध करून विकायची भाषाही तिथे होते. गाळातल्या स्फुरदाची भाषा कोणी केलेली मी ऐकली नाही. खर्च येईल, मान्य. पण नाउरू संपल्यावर पुढचं बेट शोधायचा खर्च कोण धरतं?

तोपर्यंत हाताशी स्वच्छ माल आहेच. कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांत शेणाचं करायचं काय ही रोजची डोकेदुखी आहे, आणि मुरबाडहून भाजी-दूध घेऊन आलेले टेम्पो पहाटे रिकामे परत जातात. शेणखतात टनाला किलोभरही स्फुरद नसतो, हा वाहतुकीविरुद्धचा खरा आक्षेप आहे. डीएपीच्या एका गोणीची बरोबरी करायला दहा-अकरा टन शेणखत लागतं. पूर्ण भाड्याने ते परवडणार नाही. रिकाम्या फेरीत परवडू शकेल. घाटावरचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात तेव्हा खाचरात मेंढ्या बसवायला शेतकरी धान्य आणि पैसे मोजतो. म्हणजे स्फुरदाच्या वाहतुकीला किंमत असते हे गावाला पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त गायरानात मेंढ्या बसवायला आजवर कोणी पैसे दिलेले नाहीत.

सौर प्रकल्पाला माझा मुळातून विरोध नाही, हे नानांना आवडलं नाही तरी लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली गावांच्या सामायिक जमिनींबद्दल कडक भाषा वापरली, 2022 मध्ये उच्च न्यायालयातही गायरानांवरच्या अतिक्रमणांचा विषय गाजला, आणि तरी गायरानं कमी होतच आहेत, कारण ती निरुपयोगी ठरवणं सोपं असतं. नवी मुंबईच्या गावांची गुरचरणं शहराखाली गेली तेव्हाही 'पडीक' हा शब्द असाच सैल वापरला गेला होता. म्हणून माझी अट एवढीच की ठरावात 'पडीक' लिहिण्यापूर्वी उताराची माती तपासा. फाटकाजवळची नको, टाकीजवळची नको, उताराची. आणि भाड्याचे पैसे आले तर त्यातला हिस्सा उरलेल्या गायरानावर परत जाऊ दे, स्टायलोच्या बियाण्याच्या आणि फॉस्फेटच्या रूपात. आमच्याकडची माती आम्लधर्मी आहे, तिथे दळलेला कच्चा फॉस्फेट दगडही हळूहळू विरघळतो आणि तो डीएपीपेक्षा स्वस्त पडतो.

एप्रिलच्या सभेत मी हे सगळं बोललो नाही. मतदार नाही ना. नानांनीच उठून एक गोष्ट सुचवली. गुरं पाण्यापाशी बसतात, मग पाण्याची टाकी ओढ्यावरून उचलून वर टेकडीच्या खांद्यावर न्या, शेजारी दोन-चार सावलीची झाडं लावा. गोठण वर गेली की शेणही वर जाईल, ट्रॉली नको की डिझेल नको. गुराख्याने मान डोलावली. ज्यांची खाचरं जुन्या गोठणीच्या खालच्या अंगाला आहेत त्यांनी डोलावली नाही. पहिल्या पावसात गोठणीचं काळं पाणी आजवर त्यांच्याच बांधात उतरत आलं आहे. चारशे फूट जादा पाइप लागेल, मोटरही थोडी मोठी. पैसे कोणी द्यायचे, हे ठरवायला आता जूनमध्ये पुन्हा सभा आहे.